प्रयोजनाचा रकाना

वकिलाच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात, फायली आणि किस्से. फायलींचं बरं असतं. ठरावीक वर्षं झाली की पक्षकाराला पत्र टाकायचं, तो न्यायला आला नाही तर रद्दीवाला आहेच. किश्श्यांना असा काही नियम नाही. चौतीस वर्षं मी धारवाडात आंबेकर वकिलांचा कारकून होतो. निवृत्त झालो तेव्हा कपाटं रिकामी करून दिली आणि किस्से घेऊन घरी आलो. सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, "नरहरीराव, कोर्टातलं काहीतरी सांगा." मी सांगतो, ते हसतात. अलीकडे मला त्या हसण्याचा राग यायला लागलाय. म्हणून लिहूनच काढतोय. लिहिलेलं वाचताना माणूस जरा जपून हसतो.

खाली जे आहे ते सगळं एकाच फायलीतलं. रिट याचिका. यल्लव्वा विरुद्ध सरकार. विषय संडास.

* * *

यल्लव्वा आमच्याकडे आली ती वीणामुळे. वीणा हिरेमठ ही साहेबांची ज्युनियर. कानडी घरातली, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायची. धारवाडातच सप्तापुरात खोली घेऊन राहायची आणि सकाळी हुबळीच्या कोर्टात कामं असली की बसनं जायची. त्या बसमध्ये दोघींची ओळख झाली. यल्लव्वा अळणावरकडच्या एका खेड्यातली. पहाटेची बस धरून धारवाड, तिथून दुसरी बस धरून हुबळी. तिथल्या एका सरकारी ऑफिसात ती कंत्राटावर झाडूकाम करायची. खात्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची खाती म्हणतील, आम्ही काय कमी होतो?

त्या ऑफिसात बायकांसाठी एकच संडास. चांगला फरशीचा, आत बेसिन, बाहेरून कुलूप. किल्ली हेडक्लार्कच्या खणात. कायम नोकरीतल्या बायकांनी मागितली की मिळायची. कंत्राटातल्या तिघींना फक्त धुण्यापुरती मिळायची. सात वर्षं यल्लव्वानं तो दिवसातून दोनदा धुतला. एके दिवशी धुतल्यावर तिनं वापरला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. 'आपण पूर्वपरवानगीविना शासकीय सुविधेचा वापर केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी लेखी खुलासा करावा.'

साहेबांनी मेमो वाचला. विचारलं, "मग खुलासा काय केलात?"

"काय करायचा खुलासा?" यल्लव्वा म्हणाली. "लागली होती."

पहाटे पाचला एक कप चहा. त्यानंतर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सात वर्षं. मूतखडा झाला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, भरपूर पाणी प्यावे. तो कागदही तिनं जपून आणला होता.

सरकारनं मूलभूत हक्क मोडला तर सामान्य माणसाला थेट हायकोर्टात जाता येतं, त्या अर्जाला रिट म्हणतात. वीणा म्हणाली, रिट करू. मी टेबलावरून मान वर न करता म्हणालो, "एवढ्यासाठी हायकोर्ट?"

यल्लव्वानं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, मी बसल्यापास्नं तुम्ही कितींदा उठून गेलात?"

मी तीनदा गेलो होतो. चौथ्यांदा जायचं होतं, पण मग ती निघेपर्यंत मला उठवलं नाही.

* * *

याचिका साहेबांनी स्वतः सांगितली, मी टाइप केली. साहेबांचं इंग्रजी जुन्या वळणाचं. वाक्य एकदा सुरू झालं की पुढच्या पानावर जाऊनच बसायचं. समानता आली, प्रतिष्ठा आली, जगण्याचा हक्क आला. एकविसावं कलम म्हणजे साहेबांच्या मते आजीचं गाठोडं. मूळ घटनेत ते दोन ओळींचं आहे. कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढंच. पण जीवित म्हणजे नुसता श्वास नव्हे, माणसासारखं जगणं, असं वरच्या कोर्टांनी एकदा म्हटलं आणि मग त्या दोन ओळींतून उपजीविका निघाली, निवारा निघाला, स्वच्छ हवा निघाली. "हात घाल, काहीतरी लागतंच," साहेब म्हणायचे.

बत्तीस पानं झाली. आता प्रतिज्ञापत्रावर यल्लव्वाची सही हवी. सहीआधी मजकूर पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावा लागतो आणि तसं खाली लिहावंही लागतं. बहुतेक ऑफिसांत नुसतं लिहितात. वीणानं मात्र खरोखरच समजावलं, कानडीत, अडलं तिथं मराठीत. दीड तास लागला. यल्लव्वा मांडी घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लई चांगलं लिवलंय. पण यात संडास कुठं हाय?"

आम्ही शोधलं. बत्तीस पानांत तो शब्द कुठंच नव्हता. 'स्वच्छताविषयक सुविधा' एकोणीस वेळा होती.

"कोर्टापुढं तसंच लिहितात," साहेब म्हणाले. "सभ्य शब्द लागतो."

"मेमोतबी तसंच लिवलंय की. सुविधा." तिनं पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, त्यांना लाज वाटती म्हणून त्यांनी लिवलं. तुम्हाला का वाटती?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "नरहरी, एकोणीस ठिकाणी बदल."

* * *

पहिल्या सुनावणीला यल्लव्वा आली होती. बिनपगारी रजा टाकून. हायकोर्टाचं धारवाडचं खंडपीठ गावाबाहेर हमरस्त्याला आहे, तिथं ती सकाळी आठलाच येऊन बसली. आमचा नंबर लागला तीननंतर.

सरकारी वकील उंच, आवाज खणखणीत. त्यांचा पहिलाच मुद्दा असा की ही बाई सरकारची नोकर नाही, कंत्राटदाराची आहे. तिला जे काय मागायचं ते तिनं कंत्राटदाराकडं मागावं. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, कंत्राटदाराविरुद्ध नव्हेत.

न्यायमूर्ती फाइल वाचत होते. वर न बघता म्हणाले, "इमारत कुणाची?"

"सरकारची, माय लॉर्ड."

"कुलूप?"

"सरकारचं."

"मेमोवर सही?"

"सरकारी अधिकाऱ्याची, माय लॉर्ड."

"मग कंत्राटदाराचं काय आहे? मूत्रपिंड?"

कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकील मुरलेले. त्यांनी दुसरा मुद्दा काढला. घटनेत तीनशेहून जास्त कलमं आहेत, त्यांतल्या एकातही संडासाचा हक्क लिहिलेला नाही. आमच्या विद्वान मित्रांनी, म्हणजे आंबेकरांनी, तो दाखवावा.

आंबेकर साहेब उभे राहणार तेवढ्यात न्यायमूर्तीच म्हणाले, "श्वास घ्यायचा हक्क कुठल्या कलमात लिहिलाय? तुम्ही सकाळपासून घेताय."

अंतरिम आदेश झाला. याचिकेचा निकाल लागेपर्यंत याचिकाकर्तीला त्या संडासाचा वापर करू द्यावा. चार ओळी. मी बाहेर येऊन यल्लव्वाला सांगितलं. तिनं विचारलं, "आजपास्नं?" मी म्हटलं, आदेशाची प्रत पोचल्यापासून. तिनं विचारलं, "प्रत कधी पोचती?" मी म्हटलं, प्रत्येक ऑफिसाला आपापला वेळ लागतो, यल्लव्वा. ती म्हणाली, "लागू दे. मला बी लागतोय, पण मला कोण विचारत न्हाई."

सरकारी वकिलांचा कारकून बसप्पा माझा जुना दोस्त. कँटीनमध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना म्हणाला, "काय नरहरी, आज संडास, उद्या शिंकेसाठी सुप्रीम कोर्टात जाणार काय?" हा विनोद पंधरा दिवसांपूर्वी मीच केला असता. म्हणून जास्त राग आला. मी त्याला म्हटलं, "बसप्पा, तुझ्या साहेबांनी तासभर उभं राहून वाद घातला तो कशासाठी? एका बाईनं मुतू नये म्हणून. ते तुला हायकोर्टाला शोभणारं वाटलं का?" त्यानं माझ्या गिरमिटाचे पैसे दिले. वाद तिथंच संपला.

* * *

प्रत पोचायला अठरा दिवस लागले. पोचल्यावर ऑफिसनं आदेशाचं पालन केलं. सरकारी ऑफिसात आदेशाचं पालन म्हणजे काय असतं, हे ज्यानं पाहिलेलं नाही त्यानं आदेशाचं उल्लंघन पाहिलंय असं मी मानत नाही.

त्यांनी एक नवी नोंदवही घातली. लाल कापडी बांधणीची, पानांवर क्रमांक, पहिल्या पानावर त्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांची सही आणि शिक्का. रकाने सहा. अनुक्रमांक, नाव, किल्ली दिल्याची वेळ, किल्ली परत केल्याची वेळ, प्रयोजन, शेरा.

हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता, असं सगळे म्हणतात. सगळ्याच गोष्टींत असा एक माणूस असतो, वाईट नसलेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सरकारी किल्ली बाहेर गेली तर नोंद पाहिजे, उद्या ऑडिटवाला विचारेल. यल्लव्वा किल्ली मागायला गेली की तो वही उघडायचा, पेनचं टोपण काढायचा आणि जागेवरून विचारायचा, "यल्लव्वा, प्रयोजन काय लिहू?" मोठ्या हॉलमध्ये चौदा टेबलं. चौदाही मान वर करायची.

पहिल्या दिवशी तिनं किल्लीसाठी नुसता हात पुढं केला. त्यानं पुन्हा विचारलं, "एक का दोन?"

हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या बाईनं वीणाला फोन करून सांगितलं. वीणा फोन ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "नरहरीकाका, कायद्यात शिवी देता येत नाही, ही मोठी अडचण आहे."

यल्लव्वानं पुन्हा पाणी पिणं सोडलं होतं. कोर्टाचा आदेश पदरात असताना.

* * *

मधल्या काळात साहेबांना एका परिसंवादाचं आमंत्रण आलं. सप्तापूरच्या बाजूला एक सभागृह आहे तिथं. विषय, राज्यघटना आणि मानवी प्रतिष्ठा. आयोजकांना यल्लव्वाही हवी होती. सत्कार करायचा होता, शाल आणि रोपटं. मी तिला घेऊन गेलो. तिला पहिल्या रांगेत बसवलं. विद्यार्थी येऊन तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. कुणी तिला, अक्का, तुमचं काम झालं का, असं विचारलं नाही. सगळ्यांना ते झाल्यातच जमा वाटत होतं.

एक प्राध्यापक तासभर बोलले. चांगलं बोलले, उगाच कशाला नाव ठेवू. राज्यघटना हा मेलेला कागद नव्हे, तर ते जिवंत झाड आहे. न्यायालयं त्याला पाणी घालतात, त्याला नव्या फांद्या फुटतात, सावली वाढत जाते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यल्लव्वानं मला कोपरानं ढोसून विचारलं, "काय म्हनाले?"

मी म्हटलं, "राज्यघटना झाडासारखी असते, मोठी मोठी होत जाते."

तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "एवढी मोठी झाली असती तर आडोसा तरी झाला असता."

प्राध्यापकांनी नंतर मला विचारलं, बाई काय म्हणाल्या. मी सांगितलं, झाड आवडलं म्हणाल्या.

* * *

ती लाल वही कोर्टात कुणी आणली असेल? आम्ही नाही. आमच्या हातात ती पडणं शक्यच नव्हतं. सरकारनंच आणली. आदेशाचं पालन किती काटेकोर झालं याचा पुरावा म्हणून मोठ्या साहेबांनी प्रतिज्ञापत्राबरोबर मूळ वहीच पाठवली. चौतीस वर्षांत मी खूप पुरावे बघितले. दरोडेखोरानं स्वतःच्या बोटांचे ठसे कौतुकानं फ्रेम करून आणलेले हे एकदाच.

सरकारी वकील म्हणाले, "माय लॉर्ड, एकही दिवस किल्ली नाकारलेली नाही. तारीखवार, वेळवार नोंद आहे."

न्यायमूर्तींनी वही उघडली. आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचायला लागले, अगदी सपाट आवाजात, बाजारभाव वाचावेत तसे.

"यल्लव्वा. अकरा दहा. अकरा सोळा. प्रयोजन, वैयक्तिक, कंसात एक. शेरा, काही नाही." पान उलटलं. "यल्लव्वा. दोन पाच. दोन सतरा. प्रयोजन, वैयक्तिक, कंसात दोन. शेरा, बारा मिनिटे लागली, कारण विचारावे." पुढं गेले. "इथं लाल शाईत लिहिलंय. कारण विचारले असता समाधानकारक उत्तर दिले नाही."

कोर्टात कुणी हसलं नाही. बसप्पासुद्धा नाही. मी मागं वळून यल्लव्वाकडं बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

"शेवटच्या पंधरा दिवसांत नोंदच नाही," न्यायमूर्ती म्हणाले.

"त्यांनी किल्ली मागितली नाही, माय लॉर्ड. म्हणजे आता तक्रारीला कारण उरलेलं नाही."

न्यायमूर्तींनी वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. "यात फक्त एकाच बाईचं नाव आहे. बाकीच्या बायका जात नाहीत?"

"कायम कर्मचाऱ्यांना नोंद करावी लागत नाही, माय लॉर्ड."

"आणि मोठे साहेब? त्यांची वही वेगळी आहे?"

"त्यांना नोंदीची गरज नाही, माय लॉर्ड. ते अधिकारी आहेत."

"असं," न्यायमूर्ती म्हणाले. "त्यांचं प्रयोजन वेगळं असतं का?"

समानतेच्या हक्कावर आमच्या साहेबांनी अकरा पानं लिहिली होती. ती त्या दिवशी वाचायची वेळच आली नाही.

वही कोर्टानं ठेवून घेतली. आदेशात लिहिलं की स्वतःच्या शरीराचा हिशेब सरकारला न देणं हाही माणसाचा खाजगी हक्क आहे आणि तो त्याच एकविसाव्या कलमात आहे. पुढच्या तारखेला मोठ्या साहेबांनी जातीनं हजर राहावं.

* * *

पुढच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात यल्लव्वाचं काम गेलं. कुणी काढलं नाही. कंत्राटाची मुदत संपली, नवा कंत्राटदार आला, त्यानं नवी यादी केली, यादीत तीन नावं हवी होती, त्यांतलं एक बदललं. प्रत्येक कागद नियमात बसणारा. माणूस नियमात बसवून कसा मारतात हे शिकायचं असेल तर परदेशी जायची गरज नाही.

आणि मग सरकारचा अर्ज आला. याचिकाकर्ती आता त्या इमारतीत कामच करत नाही. तेव्हा तिला त्या संडासाची गरज उरलेली नाही. सबब याचिका निरर्थक ठरली असून निकालात काढावी.

त्याच दिवशी सरकारी वकिलांनी साहेबांना व्हरांड्यात बाजूला घेतलं. तसे ते भले गृहस्थ. म्हणाले, "आंबेकर, बाईला याचिका मागं घ्यायला सांगा. सोमवारपासून कामावर घेतात. मी शब्द देतो."

ऑफिसात साहेबांनी यल्लव्वाला समोर बसवलं. तिचा नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, धाकटी मुलगी शिकणारी, हे आम्हाला माहीत होतं. साहेब म्हणाले, "यल्लव्वा, वकील म्हणून सांगत नाही, घरचा म्हणून सांगतो. पदरात पडतंय ते घे. खटला जिंकूनही नोकरी मिळेलच असं नाही."

"मी मागं घेतली तर त्या खोलीचं काय?"

"ती राहील जशी आहे तशी."

"कुलूप?"

साहेबांनी पुन्हा चष्मा काढून पुसला.

"मग बाकीच्या दोघींचं?"

"त्या कुठं आल्यात कोर्टात?"

"त्या कशा येतील, वकीलसाहेब? त्या कामावर हाईत न्हवं."

वीणा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. ती म्हणाली, "अक्का, आज ठरवू नका. घरी विचारा." यल्लव्वा म्हणाली, "घरी विचारलं तर घरचे मागं घे म्हणतील. म्हणून इथंच ठरवते."

* * *

त्या तारखेला मोठे साहेब हजर होते. नवा सफारी, हातात फाइल. कोर्टात अधिकाऱ्याला बसायला कुणी सांगत नाही, म्हणून दोन तास भिंतीला टेकून उभे. मध्ये एकदा त्यांनी बसप्पाला काहीतरी विचारलं. बसप्पानं व्हरांड्याच्या टोकाकडं बोट दाखवलं, पण तेवढ्यात नंबर पुकारला गेला आणि मोठ्या साहेबांना जाता आलं नाही. पुढचा पाऊण तास ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. यल्लव्वा त्यांच्याकडं एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओळख होती.

सरकारी वकिलांनी सांगितलं की याचिका आता निरर्थक आहे, शिवाय सरकार उदार मनानं बाईला कामावर घ्यायला तयार आहे, तिनं मागं घेतली तर.

न्यायमूर्तींनी यल्लव्वाला पुढं बोलावलं. कानडीत विचारलं, "काम परत मिळतंय. याचिका मागं घ्यायची का?"

कोर्टात बोलायचं कसं हे वीणानं तिला शिकवलं होतं. ती ते सगळं विसरली. म्हणाली, "काम न्हाई दिलं तरी चालतंय. निकाल द्या."

न्यायमूर्तींनी फाइल मिटली. मग स्टेनोला खूण केली. बाईची नोकरी गेली म्हणून प्रश्न गेलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रश्न जिथं होता तिथंच आहे, कुलुपाच्या आत. सरकारी इमारतीत कामाला किंवा कामासाठी आलेल्या कुठल्याही बाईला तो संडास वापरता आला पाहिजे. कुलूप नाही, नोंद नाही, विचारणा नाही. मेमो रद्द. आणि नोकरीबाबत याचिकाकर्तीनं योग्य त्या ठिकाणी दाद मागावी.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'ऐतिहासिक' आलं. साहेबांना अभिनंदनाचे फोन. वीणाला दोन नवी कामं मिळाली. ज्या दोघी कामावर होत्या त्यांना संडास मिळाला. यल्लव्वाला मिळाली बारा पानं, इंग्रजीत. योग्य त्या ठिकाणी ती अजून जाते. सध्या हुबळीत कमरीपेठेत एका खानावळीला भाकऱ्या करून देते. सकाळी साठ, संध्याकाळी साठ. वरच्या कोर्टानं हक्क दिला आणि खालच्या जगानं त्याची किंमत वसूल केली, आणि परिसंवादात या दोन गोष्टी कधी एकाच दिवशी येत नाहीत.

* * *

निकालाची प्रत त्या ऑफिसात नेऊन द्यायचं काम माझ्याकडं होतं. प्रत द्यायची, पोच घ्यायची, परत यायचं. निघताना यल्लव्वा म्हणाली, मीबी येते. मी म्हटलं, तिथं आता तुझं काय काम? म्हणाली, "निकालात लिवलंय न्हवं, कामासाठी आलेल्या कुठल्याही बाईला. माझं काम हाय."

आम्ही गेलो. दुपारची वेळ. चौदा टेबलं, चौदा माणसं. मी हेडक्लार्कच्या समोर प्रत ठेवली. तो बारकाईनं वाचायला लागला, पहिल्या पानापासून. यल्लव्वा माझ्या शेजारी उभी होती. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तोंडाला लावली आणि सगळ्यांसमोर सावकाश संपवली. शेवटच्या थेंबापर्यंत. मग बाटली माझ्या हातात दिली आणि टेबलांच्या मधून चालत गेली. निकाल मोठ्या साहेबांनी कोर्टात उभं राहून ऐकला होता, दाराला कुलूप नव्हतं. ती आत गेली, दार लावून घेतलं.

हॉलमध्ये कुणी लिहीत नव्हतं. हेडक्लार्कनं पान उलटलं, पण त्याचे डोळे पानावर नव्हते. मोठे साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, मला बघितलं, माझ्या हातातली बाटली बघितली आणि आत गेले.

ती बाहेर आली. पदराला हात पुसत सरळ हेडक्लार्कच्या टेबलापाशी आली.

"आतली कडी ढिली हाय," ती म्हणाली. "एका हातानं दार धरून बसावं लागतंय. उद्यापर्यंत दुरुस्त करून घ्या."

हेडक्लार्क खुर्चीतून उठला.

"हो, मॅडम," तो म्हणाला.